डेमलर मार्क १ चिलखती गाडी, १:३५ : जोडणीच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

किटचा डबा आज उघडला. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश डेमलर मार्क १ ही चिलखती गाडी १:३५ या प्रमाणात प्लॅस्टिकमध्ये जोडायची आहे. मूळ गाडी सुमारे ४ मीटर लांब आणि २.४६ मीटर रुंद होती, त्यामुळे प्रतिकृती ११४ मिलिमीटर लांब आणि ७० मिलिमीटर रुंद होईल. किटला ५,४०० रुपये पडले. त्यावर सीमाशुल्क आणि कुरिअरचा हाताळणी खर्च मिळून १,८७० रुपये वेगळे भरावे लागले. मागवताना हा दुसरा आकडा मी धरलाच नव्हता. जे कोणी परदेशातून किट मागवणार असतील, त्यांनी किमतीच्या किमान एक तृतीयांश रक्कम बाजूला ठेवूनच मागवावे.

बहुतेक जण ही गाडी उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातली किंवा १९४४ नंतरच्या युरोपातली करतात. मला ब्रह्मदेशातली करायची आहे. भारतीय सैन्याची १६ लाइट कॅव्हलरी ही रेजिमेंट तिथे लढणाऱ्या ब्रिटिशांच्या चौदाव्या सेनेत होती आणि तिच्याकडच्या गाड्यांपैकी काही डेमलर होत्या. ब्रह्मदेशातील मोहिमेत या रेजिमेंटचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल जे. एन. चौधरी यांच्याकडे होते. १९४८ च्या हैदराबाद कारवाईचे आणि पुढे १९६१ मध्ये गोव्यातील कारवाईच्या वेळी पुण्याच्या दक्षिण कमांडचे प्रमुख म्हणून आपल्याकडे ज्यांचे नाव घेतले जाते, तेच हे चौधरी.

३ जून

सुटे भाग तपासले. एकही भाग तुटलेला किंवा गहाळ नाही. धडाचे पत्रे मात्र सुटे सुटे आहेत, म्हणजे तळ, दोन्ही बाजू, पुढचा उतार आणि मागचा भाग हे सगळे कडेला कड लावून जोडायचे आहेत. इतर चिलखती गाड्यांच्या किटमध्ये खाली चॅसी असते, ती सरळ जोडली की वरचे धड तिच्या आधाराने आपोआप सरळ बसते. डेमलरला चॅसीच नव्हती. मूळ गाडीत धडाचा पोलादी डबा हाच सांगाडा होता आणि चारही चाके त्यालाच स्वतंत्रपणे टांगलेली होती. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत जाणारा आस गाडीत कुठेच नव्हता. मध्यभागी एकच डिफरन्शियल होते आणि तिथून चार दांडे निघून चार चाकांना शक्ती पुरवत. किट बनवणाऱ्यांनी ही रचना प्रामाणिकपणे उतरवली आहे.

८ जून, रविवार

धड जोडले. पातळ सिमेंट ब्रशाने सांध्यावर टेकवले की ते केशाकर्षणाने आत ओढले जाते आणि काम झटपट होते, म्हणून मी पाचही पत्रे एकाच बैठकीत जोडले आणि सांधे मिटावेत यासाठी भोवती चार रबरबँड ताणून लावले. त्याच उत्साहात तळाचे चार दांडेही दोन्ही टोकांना चिकटवून टाकले. एकूण अडीच तास लागले.

९ जून

रबरबँड काढले. सांधे उत्तम मिटले आहेत, पण धडाला पीळ पडला आहे.

चाके न चिकटवता नुसती बसवून गाडी टेबलावर ठेवली, तर ती डुगडुगते. तीन चाके टेकतात आणि पुढचे डावे चाक वर राहते. फीलर गेजने माप घेतले, तर फट १.५ मिलिमीटर भरली. मूळ गाडीच्या मापात हे अंतर पाच सेंटिमीटरहून जास्त होते. सात-साडेसात टनांची गाडी सपाट रस्त्यावर एक चाक उचलून उभी राहील, हे शक्यच नाही आणि पाहणाऱ्याला तंत्र कळत नसले तरी ते नजरेला खटकल्याशिवाय राहणार नाही.

कारण उघड आहे. रबरबँड तिरके बसले होते, सिमेंटने मऊ झालेले सांधे त्यांच्या ताणाने सरकले आणि तसेच घट्ट झाले. चार दांडे दोन्ही टोकांना चिकटल्यामुळे तो पीळ आतून आणखी पक्का झाला. दांडे शेवटी लावले असते, तर निम्मे नुकसान टळले असते.

१२ जून

पहिला उपाय फसला. गरम पाण्यात धड बुडवून हाताने उलटा पीळ द्यायचा आणि लगेच थंड पाण्यात धरायचे, अशी पद्धत सुट्या पत्र्यांसाठी मी पूर्वी वापरली आहे. इथे पाणी साधारण ६० अंशांचे घेतले. बाजूचे जाड पत्रे जराही हलले नाहीत, मधला पातळ तळ तेवढा वाकला आणि मागचा एक सांधा उकलला. चौकोनी बंद डब्यावर ही पद्धत कोणी वापरू नये. कोपरे ताठच राहतात आणि जो भाग सगळ्यात नाजूक असेल तोच वाकतो.

१५ जून, रविवार

धड उघडायचे ठरवले. बारीक दातांच्या करवतीने तळाचे दोन लांब सांधे कापले आणि चारही दांडे मधोमध तोडले. करवतीची जाडी ०.२ मिलिमीटर असल्यामुळे तेवढी फट दोन्ही बाजूंना पडली. ती भरायला स्प्रूचेच (किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिचेच) तुकडे सिमेंटमध्ये विरघळवून केलेली लापशी वापरली. बाजारातली पुट्टी सुकताना आकसते आणि सांध्याला बळ देत नाही. ही लापशी मूळ प्लॅस्टिकशी एकजीव होते, मात्र पूर्ण घट्ट व्हायला तीन-चार दिवस घेते.

२२ जून, रविवार

मधला आठवडा बहुतेक वाट पाहण्यात गेला. काच कापून देणाऱ्याकडून ६ मिलिमीटर जाडीचा एक फूट चौरस तुकडा १२० रुपयांना आणायचा होता. पालख्या शहरात असल्यामुळे शुक्रवारी आणि शनिवारी पेठांकडे गाडी नेणे शक्य नव्हते, तो काल रात्री उशिरा हाती आला. आज धड त्या काचेवर ठेवले, दोन्ही बाजूंना लहान गुण्या लावून पत्रे काटकोनात धरले, वर स्वयंपाकघरातली एक किलोची दोन वजने ठेवली आणि सांधे एकेक करून, प्रत्येक सांध्यामागे अर्धा तास थांबत, पुन्हा जोडले. आता ४८ तास हात लावायचा नाही.

२४ जून

फट ०.४ मिलिमीटरवर आली. आणखी कापाकापी केली तर पत्र्यांच्या कडा खराब होतील, म्हणून उरलेला फरक चाकांच्या टांगणीत काढायचा असे ठरवले. मूळ गाडीत प्रत्येक चाक वर-खाली दोन भुजांवर आणि एका वेटोळ्या स्प्रिंगवर होते आणि खडबडीत जमिनीवर ते इतर तिघांशी संबंध न ठेवता वर-खाली होई. तेव्हा चारही भुजांचे कोन तंतोतंत सारखे असले पाहिजेत असे मुळीच नाही. पुढच्या डाव्या भुजांच्या खुंट्या कापल्या, चाक काचेला टेकेल असे धरून भुजा नव्या कोनात चिकटवल्या आणि खाली झुकलेल्या चाकाला पुरावी म्हणून स्प्रिंगच्या वरच्या बैठकीखाली ०.४ मिलिमीटरची प्लॅस्टिकची चकती घातली. चाके काचेवरच ठेवून सुकू दिली.

आतापर्यंतच्या ४० तासांपैकी ३१ तास या एका चुकीच्या निस्तरणीत गेले आहेत.

५ जुलै

आतल्या भागाचे काम संपले. नऊ संध्याकाळी गेल्या आणि त्यातल्या सात वाया गेल्या असे आता वाटते. चालकाची जागा, गोळ्यांच्या फडताळ्या आणि वायरलेस संच हे सगळे रंगवले. धडात पांढरा रंग दिला, त्यावर ओशट काळसर वॉश (अगदी पातळ रंगाचा हात) दिला. वरचे पत्रे आणि टरेट (तोफेचा फिरता बुरूज) बसवल्यावर उघड्या झाकणातून यातले जवळजवळ काहीच दिसत नाही.

एक गोष्ट मात्र मी पुन्हा करीन. या गाडीला मागच्या बाजूलाही एक सुकाणू होते. टेहळणीच्या गाडीचा शत्रूशी अचानक सामना झाला, तर वळायला वेळ नसे. अशा वेळी गाडीचा कमांडर मागे तोंड करून ते चाक हाती घेई आणि गाडी आली तशीच उलटी पळवता येई. गिअर पाच होते आणि पाचही दोन्ही दिशांना चालत. किटमधले हे मागचे सुकाणू फार जाड आहे. मी तांब्याची ०.५ मिलिमीटरची तार एका पेनाच्या नळीभोवती गुंडाळून कडे केले, त्याला तीन आरे डाग देऊन जोडले आणि ते झाकणाच्या बरोबर खाली बसवले. टॉर्च मारला की ते दिसते. एवढ्यासाठी दोन संध्याकाळी खर्च करणे मला योग्य वाटते.

६ जुलै, रविवार

दोन-पौंडी तोफेची नळी. किटमध्ये ती दोन अर्ध्या भागांत येते. सांधा घासताना गोलाई बिघडते आणि नळी लंबगोल होते. तरीही मी ती जोडली आणि तोंडाला भोक पाडायला घेतले. मूळ तोफेचा व्यास ४० मिलिमीटर असल्याने भोक १.१४ मिलिमीटरचे हवे. हाताच्या ड्रिलने १.१ मिलिमीटरचे बिट लावले, पण ते सांध्याच्या मऊ रेषेकडे ओढले गेले आणि भोक एका बाजूला गेले. नळी बाद.

किटमध्ये निमुळत्या तोंडाचीही एक नळी आहे. ती लिटलजॉन अ‍ॅडॉप्टर लावलेल्या तोफेची आहे. ती वापरायचा मोह झाला, पण तो जोड लावला की खास बनवलेला दारूगोळाच झाडता येई, नेहमीचे गोळे चालत नसत. मला साधी नळीच हवी आहे.

९ जुलै

भोसरीतील एका लहान लेथ वर्कशॉपमध्ये पितळेची नळी कातून घेतली. चित्र मीच काढून नेले होते. काम करणाऱ्या काकांनी ते पाहिले आणि म्हणाले, "ताई, इतकं बारीक पितळ एका टोकाने धरलं तर टूल लागताच मागे वाकणार. आधी भोक मारू, मग त्याच भोकात सेंटर घालून बाहेरून उतरवू." मी चित्रात आधी बाहेरचा आकार आणि शेवटी भोक असा क्रम लिहिला होता. त्यांच्या क्रमाने केल्यामुळे भोक नळीच्या बरोबर मध्यावर राहिले आणि टोकाकडचा उतारही एकसारखा आला. कापताना पितळ थरथरू नये म्हणून ते प्रत्येक फेरीला केसभरच कापत होते. पाऊण तास लागला आणि त्यांनी ३५० रुपये घेतले. या सबंध कामात मला सगळ्यात समाधान देणारा खर्च हाच.

शेजारच्या बेसा मशीनगनसाठी औषधाच्या दुकानातली २० गेजची सुई वापरली. तिचा बाहेरचा व्यास ०.९ मिलिमीटर आहे, म्हणजे मूळ मापात ३१ मिलिमीटरच्या आसपास, आणि तोंडाला आयते भोक. कापताना सुई कटरने चिमटू नये, तोंड चपटे होते. तिच्यावर बारीक कानस फिरवून खाच करावी आणि मोडावी.

१३ जुलै, रविवार

अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला जाऊन आले. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात सिल्व्हर घोस्ट चॅसीवरची रोल्स-रॉइस चिलखती गाडी आहे, तसेच महायुद्धातील ब्रिटिश रणगाडेही आहेत. मला पाहायचे होते ते चिलखती पत्र्याचे अंग. रंग तिथून उचलता येत नाही, कारण उघड्यावरच्या गाड्यांवर नंतर चढवलेले थर आहेत. पण लाटलेल्या पत्र्याच्या कडा कशा दिसतात, हे हाताच्या अंतरावरून पाहायला मिळाले. किटमधल्या कडा वस्तऱ्यासारख्या धारदार असतात. तिथल्या पत्र्यांच्या कडांवर कापल्याच्या बारीक आडव्या रेघा आहेत आणि वेल्डिंगची रेष सरळ नसून थांबत थांबत पुढे गेलेल्या थेंबांची आहे. घरी येऊन सगळ्या दर्शनी कडांवर सँडपेपरचा एकच हलका हात फिरवला. सांध्यांवर मऊ इपॉक्सीची बारीक वात ठेवून टाचणीने टोचत वेल्ड उठवले. डेमलरच्या धडात रिव्हेटही आहेत, तेव्हा कुठला सांधा कशाने जोडलेला आहे हे छायाचित्रांवरून ताडून पाहिल्याशिवाय वेल्ड काढू नये. मी एका ठिकाणी उगीचच काढले आणि नंतर खरवडले.

२० जुलै, रविवार

प्रायमर आणि पहिला रंग. १९४३ पासून दक्षिण-पूर्व आशियातील ब्रिटिश व भारतीय सैन्याच्या गाड्यांसाठी ‘जंगल ग्रीन’ म्हणून ओळखला जाणारा गडद हिरवा रंग होता. मी मूळ छटेशी जुळवून मिश्रण केले आणि एअरब्रशने दोन हात दिले. सुकल्यावर गाडी जवळजवळ काळी दिसू लागली. पत्र्यांच्या कडा, रिव्हेट आणि वेल्ड यांतले काहीही नजरेत येईना. मोठ्या वस्तूवर जो रंग बरोबर वाटतो, तो हातभर लांबीच्याही आत असलेल्या वस्तूवर फार गडद वाटतो, हे मला ठाऊक असूनही मी मिश्रण फिके केले नाही. दुसऱ्या दिवशी त्याच रंगात चौथा भाग पिवळसर मातकट छटा घालून वरच्या सपाट भागांवर विरळ फवारा मारला. खोलगट जागांत पहिला गडद थर तसाच राहिला, त्यामुळे उठाव आला.

कॉम्प्रेसरच्या पाणी-सापळ्यात वीस मिनिटांत अर्धा इंच पाणी साचले. पावसाळ्यात दर दहा मिनिटांनी तो रिकामा करावा, नाहीतर एखादा थेंब नळीतून थेट रंगावर येतो. माझ्या टरेटच्या मागच्या बाजूला तसा एक डाग पडला होता, तो घासून पुन्हा रंगवला.

२७ जुलै, रविवार

आज सगळ्यात मोठा धक्का बसला. डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा) बसवून झाले होते, पांढरा तारा टरेटवर सपाट बसला होता, आणि त्यावर लॅकर जातीचे मॅट वॉर्निश फवारले. बाहेर सकाळपासून संततधार होती. खोलीतला आर्द्रतामापक ८८ टक्के दाखवत होता आणि मी तो पाहिलाही होता. पाच मिनिटांत सगळ्या गाडीवर दुधावर यावी तशी पांढुरकी साय धरली. हिरवा रंग राखाडी झाला आणि ताऱ्याची कड दिसेनाशी झाली.

लॅकरमधला द्रावक भराभर उडतो, त्याने पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतले पाणी त्या ओल्या थरातच अडकते. पुसून ते निघत नाही. घाबरून मी लगेच दुसरा हात मारणार होते, पण थांबले. तो मारला असता तर साय आत कायमची कोंडली गेली असती.

२९ जुलै

एका लाकडी खोक्यात ४० वॅटचा पिवळा बल्ब लावला आणि गाडी त्यात सहा तास ठेवली. आतली आर्द्रता ५५ टक्क्यांवर आली. मग सावकाश उडणारा, रिटार्डर घातलेला थिनर, त्यात रंग किंवा वॉर्निश काहीही न घालता, एअरब्रशने लांबून धुक्यासारखा फवारला. वरचा थर पुन्हा मऊ झाला, अडकलेला ओलावा बाहेर पडला आणि साय डोळ्यांदेखत विरत गेली. पाऊण गाडी अशी सुटली. जवळून किंवा जास्त वेळ फवारला तर खालचा रंगच विरघळेल, म्हणून एका जागी एका सेकंदापेक्षा जास्त थांबले नाही.

उजव्या मडगार्डवर आणि पुढच्या उतारावर डाग राहिले. तिथे ग्लॉस वॉर्निशचा हात दिला, तेव्हा ते पारदर्शक झाले. आता पाऊस उघडेपर्यंत मॅट वॉर्निश नाही.

३ ऑगस्ट, रविवार

दुपारी ऊन पडले. खोलीत ६४ टक्के. गाडी आणि बाटली दोन्ही बल्बच्या खोक्यात कोमट करून मॅट वॉर्निशचे दोन विरळ हात दिले, तेही त्याच रिटार्डर घातलेल्या थिनरमधून. साय आली नाही.

१० ऑगस्ट, रविवार

मडगार्डांवर आणि चाकांच्या आतल्या बाजूला प्लास्टर, तपकिरी पिगमेंट (रंगाची भुकटी) आणि अ‍ॅक्रिलिक माध्यम यांचा दाट चिखल लावला. ब्रह्मदेश म्हटले की जंगल आणि चिखल, एवढेच डोक्यात होते. लावून झाल्यावर १९४५ च्या मार्चमधील मैक्तिलाच्या लढाईची छायाचित्रे पुन्हा समोर ठेवली आणि चूक लक्षात आली. मैक्तिला मध्य ब्रह्मदेशाच्या कोरड्या पट्ट्यात आहे. छायाचित्रांत उघडे माळ, विरळ ताडाची झाडे आणि गाड्यांमागे उठणारे धुळीचे लोट आहेत. पाऊस आला तो मे महिन्याच्या सुरुवातीला, सैन्य रंगूनला पोहोचत असताना. मला करायची आहे ती गाडी मैक्तिलाच्या वेळची, म्हणजे ऐन कोरड्या दिवसांतली. तिच्यावर ओला चिखल असूच शकत नाही.

चिखल काढायला तीन संध्याकाळी गेल्या. पाण्यात भिजवलेल्या कापसाने मऊ करून लाकडी टूथपिकने खरवडला. दोन ठिकाणी रंगही निघाला, तिथे ब्रशाने दुरुस्ती केली. ज्या ठिकाणची आणि ज्या महिन्यातली गाडी करायची, तिथली जमीन आधी पाहावी आणि मगच पिगमेंटची बाटली उघडावी.

१७ ऑगस्ट, रविवार

फिकट मातकट आणि राखी पिगमेंट एकत्र करून कोरड्या ब्रशाने धूळ लावली. धूळ सगळीकडे सारखी बसत नाही. चाकांच्या वर, मागच्या उतारावर आणि एका बाजूच्या सुट्या चाकाच्या खाचांत ती दाट असते. जिथे माणसे चढतात-उतरतात तिथे ती पुसली जाऊन खालचा गडद हिरवा रंग उघडा पडतो. टरेटवर चढण्याची वाट कुठून असेल ते ठरवून तेवढ्या जागेवरची धूळ बोटाने पुसली. ब्रशाने पुसलेली जागा ब्रशासारखीच दिसते.

२४ ऑगस्ट, रविवार

बुधवारी गणपती बसणार, तेव्हा टेबल आजच रिकामे करायचे होते. एकूण ९४ तास लागले. किट व शुल्क ७,२७० रुपये, रंग, वॉर्निश व थिनर १,४५०, पितळेची नळी ३५०, काच १२०, सुया, करवतीची पाती व सँडपेपर २४०, मिळून ९,४३० रुपये.

गाडी लाकडी पाटावर कायमची बसवण्याआधी शेवटचे एकदा काचेवर ठेवली आणि वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी चारही चाकांखाली सरकवून पाहिली. तीन चाकांखाली पट्टी अडकली. पुढच्या डाव्या चाकाखालून ती किंचित घासत बाहेर आली. सुकताना भुजा अजून थोडी उचलली गेली असावी. आता ती पुन्हा तोडणार नाही. पाटावरची माती अजून ओली आहे, त्या चाकाखाली ती कागदाच्या जाडीएवढी जास्त ठेवली आणि गाडी त्यात हलक्या हाताने दाबून बसवली.